एकच पेट्रोल, ठिकठिकाणचे भाव

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी घेऊन लांब जाणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. राज्याची किंवा देशाची हद्द ओलांडली की पंपावरचा आकडा बदलतो. पेट्रोल तेच असतं, पाटीवर कंपनीचं नावही बऱ्याचदा तेच असतं, भाव मात्र वेगळा. हा फरक कुठून येतो आणि गाडी चालवणाऱ्यानं त्याला तोंड कसं द्यायचं, याविषयी आज बोलायचं आहे.

पेट्रोल महागलं की आपलं बोट पहिल्यांदा कच्च्या तेलाकडे जातं. ते चुकीचं नाही. पण कच्च्या तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. एक पिंप, म्हणजे सुमारे 159 लिटर तेल, महागलं की त्याची झळ सगळ्यांनाच लागते. पेट्रोल गेल्या वर्षापेक्षा महाग का झालं, याचं उत्तर तिथे मिळेल. पण आज, या घडीला, शेजारच्या मुलुखात ते स्वस्त का, याचं उत्तर तिथे नाही. नॉर्वेच्या समुद्रात तेलाचे मोठे साठे आहेत, तरी तिथलं पेट्रोल जगातल्या महाग पेट्रोलांपैकी एक आहे, कारण सरकार त्यावर भरपूर कर घेतं. व्हेनेझुएला, इराण, लिबिया या देशांत तेच पेट्रोल सरकारी अनुदानामुळे वर्षानुवर्षं नाममात्र दरात विकलं गेलं. तिन्ही देश तेलसंपन्न आहेत, नॉर्वेही आहे. तफावत आहे ती धोरणात.

तेव्हा पहिलं कारण कर. अमेरिकेत पेट्रोलवर पहिला कर लावला ओरेगन राज्यानं, 1919 साली, गॅलनला, म्हणजे सुमारे 3.8 लिटरला, एक सेंट. रस्ते बांधायला पैसा हवा होता आणि रस्ता वापरणाऱ्याकडूनच तो घ्यावा, असा विचार त्यामागे होता. दहा वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांनी ओरेगनचा कित्ता गिरवला. पुढे केंद्र सरकारचा कर आला. 1993 साली तो गॅलनला 18.4 सेंट ठरला आणि त्यानंतरची कित्येक वर्षं तिथेच राहिला. केंद्राचा कर देशभर सारखा, राज्याचा मात्र ज्याचा त्याचा. म्हणून हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे, हाकेच्या अंतरावरच्या दोन पंपांवर दोन भाव दिसतात.

करानंतर येतं अंतर. पेट्रोल कारखान्यातून पंपापर्यंत कसं पोहोचतं, याचा आपण फारसा विचार करत नाही. जमिनीवर पाइपलाइन हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. जहाजही स्वस्त पडतं, पण त्यासाठी बंदर लागतं. रेल्वे त्याहून महाग, आणि डेपोपासून पंपापर्यंतचा टँकर सगळ्यांत महाग. जिथे शेवटचा टँकरचा पल्ला लांब, तिथे भाव चढाच असतो. त्यात पंपावर दिवसाला मोजक्याच गाड्या येत असतील, तर पंप चालवण्याचा सगळा खर्च थोड्याच लिटरांवर वाटला जातो आणि भाव आणखी वर जातो.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ही सगळी कारणं तिथे एकत्र आली आहेत. लॉस एंजेलिसवर साठणाऱ्या धुरक्यामुळे या राज्यानं पेट्रोलसाठी स्वतःचे कडक नियम केले. 1996 पासून तिथे देशात इतरत्र चालतं त्यापेक्षा वेगळं, जास्त स्वच्छ जळणारं पेट्रोल सक्तीचं झालं. हवा सुधारायला त्याचा उपयोग झाला, आणि मला तो निर्णय योग्यच वाटतो. पण त्याची किंमत ओळखून असलं पाहिजे. हे पेट्रोल बनवणारे बहुतेक कारखाने राज्यातच आहेत. देशातले सर्वांत मोठे शुद्धीकरण कारखाने मेक्सिकोच्या आखाताच्या काठी, टेक्सास आणि लुइझियानात आहेत, आणि तिथून कॅलिफोर्नियापर्यंत पेट्रोल आणणारी पाइपलाइनच नाही. मधे रॉकी पर्वत आणि वाळवंट. म्हणजे एवढं मोठं राज्य पेट्रोलच्या बाबतीत एखाद्या बेटासारखं एकटं आहे.

18 फेब्रुवारी 2015 रोजी कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स इथल्या शुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ तो पूर्ण क्षमतेनं चालला नाही. दुसऱ्या एखाद्या राज्यात शेजारून माल मागवून वेळ निभावली असती. इथे बाहेरचा माल जहाजानं आणायचा, तोही कॅलिफोर्नियाच्या नियमांत बसणारा. आशियातून निघालेलं जहाज पोहोचायला तीन-चार आठवडे. तोवर भाव चढत गेले. शेजारच्या नेवाडालाही अशा वेळी झळ बसते, कारण त्या राज्यात स्वतःचा मोठा कारखाना नाही आणि लास व्हेगासचं बहुतेक पेट्रोल पाइपलाइननं कॅलिफोर्नियातून येतं. नियम एका राज्याचे, भुर्दंड दुसऱ्यालाही!

पाइपलाइन असली म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. ह्यूस्टनपासून न्यूयॉर्क बंदरापर्यंत जाणारी कोलोनियल पाइपलाइन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनातलं जवळपास निम्मं इंधन वाहून नेते. मे 2021 मध्ये कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली. डेपोंमध्ये थोडाफार साठा होता. पण लोक घाबरले, अर्धी भरलेली टाकी काठोकाठ भरायला रांगा लागल्या, आणि नॉर्थ कॅरोलायनातले अर्ध्याहून अधिक पंप कोरडे पडले. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका, असं सरकारी यंत्रणेला जाहीरपणे बजावावं लागलं. टंचाईची अफवा ऐकल्याबरोबर पंपाकडे धावलेली गर्दीच टंचाई आणते, हे त्या आठवड्यात अगदी स्पष्ट दिसलं.

ऋतूचाही थोडा भाग असतो. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ जास्त होते आणि तिनं हवा बिघडते, म्हणून बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यासाठी कमी वाफ होणारं, बनवायला महाग पडणारं पेट्रोल विकावं लागतं.

आणि मग स्पर्धा. चौकात समोरासमोर दोन-तीन पंप असतील आणि भाव ठरवायची मोकळीक असेल, तर पंपवाले एकमेकांच्या पाटीवर डोळा ठेवून असतात. लांबच लांब रस्त्यावर एकच पंप असेल, तर त्याला कुणाची भीती नाही. आपल्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे, की भाव वाढतात झरझर आणि उतरतात सावकाश. ही तक्रार निराधार नाही. रॉबर्ट बेकन या अर्थशास्त्रज्ञानं 1991 साली ब्रिटनमधल्या भावांचा अभ्यास करून तेच दाखवलं, आणि पुढे अमेरिकेतल्या अभ्यासातही तसंच दिसलं.

काही सरकारांनी यावर उपाय केले. पश्चिम ऑस्ट्रेलियात 2001 पासून पंपांना उद्याचा भाव आज दुपारीच कळवावा लागतो, आणि सकाळी सहापासून चोवीस तास तो बदलता येत नाही. लोकांना आदल्या दिवशीच कळतं, उद्या कुठे भरायचं. पर्थमध्ये आठवड्यातला मंगळवार कित्येक वर्षं स्वस्ताईचा वार म्हणून ओळखला गेला, आणि लोक त्या हिशेबानं टाकी भरत आले. जर्मनीत 2013 पासून पंपांना भाव बदलला की लगेच सरकारी यंत्रणेला कळवावा लागतो, आणि तो लोकांना फोनवर दिसतो. तिथे कित्येक वर्षं सकाळी महाग असलेलं पेट्रोल संध्याकाळी स्वस्त झालेलं दिसायचं, म्हणून जाणते लोक कामावरून परतताना भरायचे. मला हे उपाय फार मोलाचे वाटतात. भाव आधी कळला, तरच ग्राहकाला निवड करता येते.

पण निवड करताना हिशेब मांडायला हवा. समजा, तुमच्या टाकीत 40 लिटर पेट्रोल मावतं आणि पलीकडच्या पंपावर ते दोन टक्के स्वस्त आहे. टाकी पूर्ण रिकामी असेल, तर तुमची बचत होते 0.8 लिटरच्या किमतीएवढी. गाडीचं ॲव्हरेज लिटरला 15 किलोमीटर धरलं, तर 0.8 लिटरमध्ये गाडी 12 किलोमीटर जाते. म्हणजे तो पंप वाट वाकडी करून सहा किलोमीटरवर असेल, तर जाऊन येण्यातच सगळी बचत संपली, वेळ गेला तो वेगळाच. आणि तुम्ही दहाच लिटर भरणार असाल, तर जाऊन-येऊन तीन किलोमीटरमध्येच फायदा संपतो. वाटेवरचा स्वस्त पंप जरूर गाठावा. मुद्दाम वाट वाकडी करायची तर फरक मोठा हवा. लक्झेंबर्गमध्ये कर कमी म्हणून जर्मनी, फ्रान्स, बेल्जियममधून लोक टाकी भरायला येतात, ते परवडतं कारण फरक मोठा आणि रस्ता जवळचा.

ट्रकवाल्यांचा हिशेब आणखी वेगळा. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या करारानुसार राज्याराज्यांतून जाणाऱ्या मोठ्या ट्रकना इंधनाचा कर भरावा लागतो तो इंधन जिथे घेतलं तिथला नव्हे, तर गाडी जिथे जितकी धावली तिथला. त्यामुळे अनुभवी चालक पाटीवरचा भाव पाहून थांबत नाही. त्यातून कर वजा करतो आणि उरलेल्या आकड्यांची तुलना करतो. पाटीवर महाग दिसणारा पंप त्याला कित्येकदा स्वस्त पडतो.

पाटीवरचा आकडा आपल्या हातात नाही. लिटर किती जाळायचे, हे मात्र बऱ्याच अंशी आहे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 110 ऐवजी 90 किलोमीटरनं गाडी चालवली, तर हा अवरोध एक तृतीयांशानं घटतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार एकदम वेग घ्यायचा आणि करकचून ब्रेक मारायचा, या सवयीमुळे मोकळ्या महामार्गावर ॲव्हरेज 15 ते 30 टक्के घसरतं, आणि थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत 10 ते 40 टक्के. टपावर सामानाची मोठी पेटी बांधली, तर महामार्गावर 6 ते 17 टक्के. सामान उतरवल्यावर ती पेटी काढून ठेवणारे थोडेच! उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं, तर तासाला एक ते दोन लिटर जातात. टायरमधली हवा नीट ठेवल्यानं होणारी बचत तुलनेनं लहान आहे, पण सुरक्षिततेसाठी ती तपासलीच पाहिजे. दोन टक्क्यांसाठी पंप शोधत फिरणाऱ्या माणसाच्या उजव्या पायाखाली वीस टक्के पडून असतात, आणि त्यासाठी कुठे जावं लागत नाही.

हे सगळं सांगताना एक गोष्ट मनाला टोचते. ज्यांच्या दाराशी बस येते, त्यांना पेट्रोल महागलं तर गाडी घरी ठेवता येते. आडगावात राहणाऱ्या परिचारिकेला, दूरच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराला, टॅक्सीवर पोट असलेल्या चालकाला ती सोय नाही. पेट्रोल महागलं म्हणून ते लगेच कमी वापरू शकत नाहीत. ते दुसऱ्या कशात तरी काटकसर करतात. त्यात आडगावी भाव आधीच जास्त आणि अंतरंही लांब, म्हणजे दोन्हीकडून मार. फ्रान्समध्ये 17 नोव्हेंबर 2018 रोजी पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले, ते इंधनावरच्या करवाढीच्या विरोधात. त्यांच्यात लहान गावांतले, रोज गाडीनंच कामावर जाणारे लोक मोठ्या संख्येनं होते. पुढच्याच महिन्यात सरकारला ती करवाढ मागे घ्यावी लागली. पर्यावरणासाठी कर लावायला माझा विरोध नाही. पण ज्याच्याकडे गाडीशिवाय दुसरा मार्गच नाही, त्याला आधी बस द्या आणि मग कर लावा, एवढं तरी म्हणावंच लागेल.

ब्रिटननं 2012 साली याच दृष्टीनं एक पाऊल उचललं. स्कॉटलंडची हेब्रिडीझ, ऑर्कनी, शेटलंड ही बेटं आणि इंग्लंडच्या टोकाची सिली बेटं, इथे जहाजानं येणारं पेट्रोल महाग पडतं. म्हणून तिथल्या विक्रेत्यांना लिटरमागे पाच पेन्सची करसवलत मिळाली, आणि तिचा फायदा गिऱ्हाइकाला द्यायचा असं ठरलं. 2015 साली मुख्य भूमीवरच्या काही दूरच्या भागांनाही ती लागू झाली. पाच पेन्सनी बेटांवरचा भाव शहराइतका खाली आला नाही. पण माणूस जिथे राहतो त्या जागेमुळे त्याला जास्त पैसे मोजावे लागतात, हे तिथल्या सरकारनं कायद्यात मान्य केलं, आणि दुर्गम भाग असलेल्या कुठल्याही देशाला ते करता येण्याजोगं आहे.

नमस्कार.