कचऱ्याचा डबा उचलणारं यंत्र निवडताना

(दृश्य: भरलेला डबा ढकलत दोन कामगार मोठ्या कंटेनरपाशी येतात.)

दोन चाकांचा, २४० लिटरचा डबा. ढकलताना फारसा जड वाटत नाही, कारण वजन चाकांवर असतं. कंटेनरच्या काठावर चढवायची वेळ आली की तेच वजन खांद्यावर आणि कमरेवर येतं. हाताने ओझं उचलण्यासाठी अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेच्या सूत्रात जास्तीत जास्त २३ किलो धरले आहेत. तेही ओझं अंगालगत असेल, कंबर वळवावी लागत नसेल आणि पकड चांगली असेल तरच. या डब्याचं रिकामं वजनच दहा किलोच्या वर जातं. दोघांनी मिळून उचलला तरी हिशोब जुळत नाही, आणि एकाचा पाय घसरला की सगळा भार दुसऱ्यावर.

म्हणून बिन लिफ्टर, म्हणजे डबा उचलून कंटेनरमध्ये उलटणारं यंत्र घ्यायचं. पण कोणतं?

(दृश्य: डबा प्लॅटफॉर्म काट्यावर. आकडा स्थिरावतो.)

कॅटलॉग नंतर उघडा, आधी काटा आणा. आठवडाभर भरलेले डबे वजन करून बघा आणि सगळ्यात जड डब्याचा आकडा लिहून ठेवा. सरासरी इथे उपयोगाची नाही. यंत्राला तो सगळ्यात जड डबाही उचलायचा आहे. कागद-पुठ्ठ्याने डबा शिगोशीग भरला तरी हलका राहतो. ओला अन्नकचरा मात्र लिटरमागे अर्धा किलो सहज भरतो, म्हणजे २४० लिटरला १२० किलो. काच किंवा धातूचा भुगा असेल तर डबा अर्धाही भरू नये.

आता बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट. चाकांच्या डब्यांसाठी ईएन ८४० हे युरोपीय मानक आहे. त्यात भार लिटरमागे ०.४ किलो धरला आहे. २४० लिटरच्या डब्याला होतात ९६ किलो. यंत्र २०० किलोचं घेतलं म्हणून डबा २०० किलोचा होत नाही. जास्त भरलेला डबा वर गेल्यावर आधी दगा देतो तो त्याचा काठ.

(दृश्य: काठाजवळून. दातेरी पट्टी डब्याच्या कडेखाली शिरते.)

काही यंत्रं डब्याच्या पुढच्या काठाखाली दातेरी पट्टी घालून उचलतात. हे झटपट होतं, पण सगळा भार त्या प्लास्टिकच्या कडेवर येतो. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. कडेवर तडा दिसला की तो डबा बाद, टेप लावून चालवू नका. दुसऱ्या प्रकारात डबा पूर्ण पाळण्यात बसतो आणि वरून अडकवला जातो. याला थोडा जास्त वेळ लागतो, पण डबे जुने किंवा वेगवेगळ्या आकाराचे असतील तर हाच प्रकार घ्यावा. १२० आणि २४० लिटरचे डबे एकाच यंत्रावर चालवायचे असतील तर दोन्ही डबे प्रत्यक्ष बसवून बघा.

मग उंची. कंटेनरचा काठ जमिनीपासून किती वर आहे ते यंत्र जिथे उभं राहणार तिथूनच मोजा, कारण उताराच्या जमिनीवर दहा सेंटिमीटर कुठे जातात कळत नाही. डब्याचं तोंड काठाच्या पुरेसं आत गेलं पाहिजे, नाहीतर कचरा डबा आणि कंटेनर यांच्या मधल्या फटीत सांडतो. छताकडेही बघा: उलटताना डब्याचा तळ कमान काढत वर जातो आणि अडीच मीटरच्या पुढे सहज पोहोचतो. दिवे, पाइप आणि स्प्रिंकलर नेमके तिथेच असतात.

दिवसाला चार-दोन डबे असतील तर हाताने पंप मारायचा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) लिफ्टर पुरतो. त्यापुढे बॅटरी किंवा वीज. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा चार्जर बंद कोंदट खोलीत नको.

(दृश्य: जाळीचं दार उघडतं, यंत्र जागीच थांबतं.)

पैसे वाचवायची जागा ही नव्हे. हलणारा पाळणा आणि स्थिर सांगाडा यांच्यामध्ये हात किंवा डोकं सापडू शकतं. चिरडण्याच्या धोक्यासाठीचं आयएसओ १३८५४ मानक सांगतं की फट बोटांसाठी किमान २५, हातासाठी १००, डोक्यासाठी ३०० आणि अख्ख्या शरीरासाठी ५०० मिलिमीटर हवी. इतकी फट नसेल तर बाजूंना जाळी आणि दाराला इंटरलॉक लागतो: दार उघडं तर यंत्र बंद. बटण दाबून धरलं तरच चालणारं असावं. सोडलं की थांबलं. बटण अशा जागी हवं की ऑपरेटरला डबा दिसेल, पण तो डब्याच्या वाटेत नसेल. पाहणी करताना दाराचा स्विच चुंबक किंवा टेपने दाबून ठेवलेला सापडला तर यंत्र तिथेच थांबवा. आणि स्विच असा का अडवला ते विचारा. बहुधा दार उघडायला-लावायला फार वेळ लागत असतो.

विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: होज (तेलाची नळी) फुटली तर पाळणा कोसळतो की जागीच धरला जातो? धरून ठेवणारा वॉल्व्ह सिलिंडरवरच बसवलेला हवा; होजच्या पलीकडे असेल तर त्याचा उपयोग नाही. गळती बोटाने शोधू नका. दाबाखालचं तेल कातडी भेदून आत शिरतं आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. यंत्राचा दाब उतरवा, मग पुठ्ठा सरकवून डाग बघा. पाळणा वर ठेवून दुरुस्ती करायची असेल तर वीज तोडून कुलूप लावा आणि लोखंडी टेकू द्या.

(दृश्य: डबा उलटलेला, कचरा आतच अडकलेला.)

ओला आणि दाबून भरलेला कचरा उलटल्यावरही चिकटून राहतो. डबा आडवा झाल्यावर आणखी ४५ अंश खाली झुकला तर बहुतेक कचरा सुटतो. तरीही अडकला तर वर चढून काठीने ढोसायचं नाही. डबा खाली आणा, यंत्र बंद करा आणि लांब दांड्याच्या खुरपीने कचरा मोकळा करा. वारंवार होत असेल तर डब्यात आत पिशवी घाला किंवा डबा कमी भरा. विकत घेण्याआधी चाचणीला पुरवठादाराचा रिकामा डबा चालणार नाही: तुमच्याकडचा, तुमच्याच सगळ्यात ओल्या कचऱ्याने भरलेला डबा लावून दाखवायला सांगा.