चौदाव्या दिवसाची गोळी

(मुंबईतल्या एका वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेत, पालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका औषधनिर्मात्या बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन.)

नमस्कार. एवढ्या पावसात तुम्ही दोन जिने चढून वर आलात, खूप बरं वाटलं. पत्रिकेवर विषय छापलाय 'हिवतापाचं औषध सुरक्षितपणे कसं घ्यावं'. तिकडे येतेच, पण आधी ही वस्तू बघा. मागे दिसत नसेल तर सांगते, गोळ्यांच्या पट्टीचा कापलेला तुकडा आहे, चार गोळ्यांचा. पुढच्या रांगेतल्या काकू, मागची अक्षरं वाचता का जरा? 'क्विन'. बास, एवढंच ना? आधीचं अर्धं नाव कात्रीने गेलं.

आता मलेरियात क्विनने संपणारी दोन औषधं बहुतेकदा एकदमच मिळतात, क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन. पहिलं तीन दिवसांचं, दुसरं चौदा दिवसांचं. प्रायमाक्विन साडेसात मिलिग्रॅमचीही येते आणि पंधराचीही. मग हा तुकडा कशाचा? किती ताकदीचा? मुदत कधी संपते? ते सगळं पट्टीच्या उरलेल्या भागावर, आणि तो भाग राहिला दुकानाच्या खणात. औषध देण्याच्या खिडकीमागे मी ३१ वर्षं उभी होते. या कात्रीचा मला जेवढा राग आहे, तेवढा डासाचाही नाही. आम्हीही पूर्वी सुट्ट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचो, वर पेनाने दोन काट्या मारायच्या, सकाळ-संध्याकाळ. ती पुडी भिजली की काट्याही गेल्या. म्हणून हे बोलताना मी बाहेरच्या दुकानदाराकडे एकट्याकडे बोट दाखवत नाही.

हा तुकडा एका मुलाचा आहे. फुलबाजारात पहाटे तीनपासून काम करायचा, वय बावीस-तेवीस. जुलैत ताप घेऊन आला. हुडहुडी भरून, तीन गोधड्या घेऊनही दात वाजतायत. रक्तात व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाचा एक प्रकार, निघाला, औषध मिळालं, बरा झाला. सप्टेंबरमध्ये गणपती विसर्जन झालं आणि हा परत तसाच खिडकीसमोर. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा. आई बरोबर होती, ती म्हणाली, "बाई, आमच्या गल्लीतले डास याच्यावरच टपलेत." मी म्हटलं, घरात उरलेल्या गोळ्या असतील तेवढ्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी पावाच्या पिशवीतून तिने सगळं काउंटरवर ओतलं. मी मोजलं. दोन-दोन करून चौदा दिवसांच्या अठ्ठावीस गोळ्या दिलेल्या, त्यातल्या अठरा तशाच. म्हणजे पाच दिवस घेतल्या आणि बंद. का? तर "ताप तर तिसऱ्या दिवशीच उतरला, मग कडू विष कशाला पोटात ढकलायचं?"

त्या माउलीचं काय चुकलं? तिला कोणी सांगितलंच नव्हतं की हे दोन वेगळे लढे आहेत. क्लोरोक्विन रक्तातल्या जंतूला मारतं, त्यामुळे ताप उतरतो. पण व्हायव्हॅक्सचे काही जंतू रक्तात येतच नाहीत, यकृतात झोपून राहतात. आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होतात आणि पुन्हा एकांतरा ताप सुरू. नवा डास चावायची गरजच नाही. त्या झोपलेल्यांपर्यंत क्लोरोक्विन पोचत नाही, प्रायमाक्विन पोचतं, आणि तेही दिवस पूर्ण भरले तरच. या वेळी मी त्या आईला घरातलं कॅलेंडर आणायला लावलं, ज्यावर दुधाचा हिशोब आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहितो ना, तेच. चौदा चौकोनांत चौदा गोल काढून दिले. गोळी पोटात गेली की गोलावर फुली. पंधराव्या दिवशी ते पान घेऊन ती स्वतः आली. चौदाही फुल्या होत्या, एकीवर हळदीचं बोट उमटलेलं. त्यानंतर तो मुलगा मलेरियासाठी आमच्याकडे आला नाही.

डासांचा विषय निघालाच आहे, तर एक सांगते. आपल्या मुंबईचा मलेरिया शेतातल्या डबक्यातला नव्हे. तो पसरवणारा डास, ॲनॉफिलीस स्टीफेन्सी, याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. गच्चीवरची उघडी टाकी, बांधकामावरचा हौद, जुनी विहीर. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला, त्यात विहिरींवरच बोट ठेवलं होतं. त्यावरून केवढा वाद! विहीर म्हणजे कुणाची पूजेची, कुणाची पुण्यासाठी बांधलेली; बुजवायची कशी? चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ पासून आजही आहे, पारशी मंडळी तिथे दिवा लावतात. मला ती जागा फार आवडते.

आणि पारशी मंडळींचं नाव घेतलं ते उगाच नाही. काही माणसांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मापासून कमी असतं. जन्मजात ठेवण आहे ती, आईकडून मुलाकडे येते, म्हणून पुरुषांत जास्त दिसते. पारशी समाजात ही कमतरता जास्त आढळते, पण इतर समाजांतही आहे, आपल्यातही. एरवी माणूस ठणठणीत असतो. प्रायमाक्विन पोटात गेलं की मात्र त्याच्या लाल पेशी फुटायला लागतात. १९५६ साली अमेरिकेतल्या संशोधकांना हे कारण याच औषधाच्या मागावर असताना सापडलं.

माझ्या भाच्याला हे झालं. बहिणीने फोनवर चिठ्ठीचा फोटो पाठवला, मी डोस पाहिला, वजनाप्रमाणे अगदी बरोबर होता. "घेऊ दे," म्हणाले. चौथ्या दिवशी बहीण म्हणाली, लघवी कोकमाच्या आगळासारखी होतेय आणि डोळे पिवळे दिसतायत. रुग्णालयात नेलं, रक्त चढवावं लागलं. तिथे डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, जन्मल्यावर याला कावीळ झाली होती का? झाली होती. निळ्या दिव्याखाली चार दिवस ठेवलं होतं, बारशाला उशीर झाला म्हणून मीच कुरकुर केली होती! मला सगळं माहीत होतं. मी विचारलं नाही. वाचला पोरगा, पण तेव्हापासून डोस बघायच्या आधी मी माणसाला विचारते.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतायत. मग छापलेला विषय भराभर सांगते, लिहून घ्या.

ताप आला की आधी रक्त तपासायचं, पालिकेच्या दवाखान्यात फुकट होतं. कुठला मलेरिया आहे ते केसपेपरवर लिहून घ्यायचं. फॅल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, असेल तर औषध वेगळं, आर्टेसुनेटच्या जोडीचं, तीन दिवस, आणि प्रायमाक्विन एकदाच. म्हणून "शेजारणीला एकच दिवस दिलं, मला चौदा का?" असं म्हणायचं नाही. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्याही घ्यायच्या नाहीत.

व्हायव्हॅक्ससाठी मोठ्या माणसाला प्रायमाक्विन साधारण रोज पंधरा मिलिग्रॅम, पण नक्की आकडा वजनावर, डॉक्टरच सांगतील. पहिली गोळी घेण्याआधी त्यांना चार गोष्टी आपणहून सांगायच्या: दिवस गेलेत का, अंगावर पिणारं बाळ आहे का, जन्मल्यावर किंवा कुठल्या औषधाने कधी कावीळ किंवा लाल लघवी झाली होती का, घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे का. ती रक्ततपासणी करता येईल का, हेही विचारा. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला हे औषध देत नाहीत. कमतरता निघाली तर डॉक्टर वेगळ्या पद्धतीने, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, लक्ष ठेवून देऊ शकतात. तो निर्णय घरी घ्यायचा नाही.

गोळी जेवल्यावर, उपाशीपोटी मळमळतं आणि पोटात दुखतं. उलटी झाली तर डॉक्टरांना विचारा, दुसरी गोळी आपल्या मनाने नको. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. लघवी काळपट, डोळे पिवळे, ओठ निळसर, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं की गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. आणि क्लोरोक्विन मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, थोड्या गोळ्यांनीही लहान मूल जीवानिशी जाऊ शकतं.

दुकानदाराला सांगा, ज्या बाजूला नाव आणि मुदत आहे ती बाजू मला द्या. अख्खी पट्टी घ्यावी लागली तर घ्या.

शेवटच्या रांगेतले आजोबा मघापासून हात वर करून बसलेत. विचारा, आजोबा.