मूलभूत नसला तरी हक्कच: मालमत्ता आणि कलम ३०० अ

श्रोतेहो, नमस्कार. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, हे अनेकांना ठाऊक असते. त्यावरून 'सरकारने मनात आणले की जमीन गेलीच' असा निष्कर्ष काढला जातो. तो साफ चुकीचा आहे.

त्याच दुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३०० अ आले. कायद्याने अधिकार दिल्याशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. हा कायदा संसद किंवा विधिमंडळ करते, कारण भूसंपादन समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत, आहे. अंमलबजावणी प्रशासनाची, आणि ती कायद्याबरहुकूम झाली का हे कलम २२६ खाली उच्च न्यायालय तपासते. साहेबांचा तोंडी हुकूम म्हणजे कायदा नव्हे. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये भूसंपादन न करताच एका विधवेच्या जमिनीतून रस्ता काढला. इतक्या वर्षांच्या ताब्याने जमीन आमचीच झाली, असे सरकार म्हणाले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते धुडकावले आणि मोबदला द्यायला लावला.

आता कामाचे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्रारंभिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा वेगळा, तिथे मुदत अवघी २१ दिवस! म्हणून नोटीस हातात पडली की ती कोणत्या कायद्याखाली आहे हे आधी वाचा, आणि हरकतीच्या प्रतीवर पोच घ्या.

२०१३ च्या कायद्यात मोबदल्याइतकीच, म्हणजे १०० टक्के, दिलासा रक्कम वर मिळते. निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशात, ती धरली आहे का, झाडे, विहीर, घर यांचे मूल्यांकन झाले का, हे ओळ न ओळ पाहा. संयुक्त मोजणीच्या दिवशी हजर राहिलात तर यातले बरेच वाद टळतात. सर्वांत महागात पडते ती सही. निवाडा मान्य नसेल तर पैसे घेताना 'निषेध नोंदवून स्वीकारले' असे पावतीवर लिहाच. नुसती सही केली की वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर त्या अर्जाला ६ आठवडेच असतात.