नऊ गुंठ्यांचा ठिपका

नमस्कार मंडळी. ॲमेझॉन म्हटलं की हल्ली दाराशी आलेली खोकी आठवतात. आज विषय त्या नावाच्या नदीकाठच्या जंगलाचा आहे, पण मुद्दा घरपोचचाच: तिथल्या तोडीची खबर गावापर्यंत कशी पोचते.

पेरूमधला लोरेतो हा प्रदेश आपल्या महाराष्ट्राहून मोठा, आणि बहुतेक सगळा सदाहरित जंगलाचा. मुख्य शहर इकितोस. तिथं जायला होडी नाहीतर विमान, बाहेरून रस्ताच नाही. नदीकाठच्या आदिवासी गावांकडे जंगल इतकं पसरलेलं असतं की मागच्या कोपऱ्यात कुणी करवत चालवली तर गावाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

उपग्रहाला लागतो. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. मेरीलँड विद्यापीठाची यंत्रणा नवं चित्र जुन्याशी ताडून पाहते आणि झाडोरा गेलेला दिसला की इशारा देते. लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर आठ दिवसांनी एका जागेवरून जातात. पण वर ढग असला की फेरी फुकट, आणि लोरेतोत ढगांना तोटा नाही. म्हणून जोडीला युरोपचा सेंटिनेल-१. त्याचा रडार ढगांपार बघतो, ठिपका १० मीटरचा, जवळपास एका गुंठ्याचा. त्याची खोड वेगळी: जमीन भिजली किंवा पुराचं पाणी झाडांत शिरलं की परत येणारा संकेत बदलतो आणि तोड नसताना तोड दिसू शकते. त्यामुळे पहिल्या इशाऱ्यावर धावायचं नाही, पुढच्या फेऱ्यांत खात्री होऊ द्यायची.

आणि हेरून एखादंच महोगनीचं झाड काढून नेलं, तर दोघांनाही ते सहसा कळत नाही. वरचं छत्र फारसं फाटतच नाही. तिथं करवतीचा आवाज टिपणारी यंत्रं उपयोगी पडतात. ती झाडाच्या शेंड्याजवळ बांधावी लागतात, कारण खाली सौर पट्टीला ऊनच मिळत नाही.

आता घरपोचकडे येऊ. इशारा इंटरनेटवर असतो, गावात इंटरनेट नसतं. लोरेतोतल्या ७६ गावांच्या प्रयोगात (निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले) साधा उपाय केला. महिन्यातून एकदा माणूस होडीनं पेन ड्राइव्ह घेऊन जायचा. निवडलेल्या ३६ गावांत प्रत्येकी तिघांना शिकवलेलं होतं आणि त्यांना मानधन होतं. ते ठिपके फोनमधल्या ऑफलाइन नकाशावर घ्यायचे, चालत जाऊन फोटो काढायचे आणि गावसभेपुढे ठेवायचे. ठिपका गावकऱ्यांच्याच नव्या शेताचा निघाला तर तोही तिथंच कळतो.

अशा कामात चुका कुठं होतात? आकड्यांत. ३.५ अंश म्हणजे ३ अंश ३० मिनिटं. कुणी ३ अंश ५० मिनिटं लिहिलं की माणूस ३७ किलोमीटर भलतीकडे. दुसरी चूक अधिक छुपी आहे. गावाचे जुने हद्दीचे नकाशे, तिथला सातबारा म्हणा हवं तर, १९५६ च्या दक्षिण अमेरिकी मापनाधारावर (म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या मूळ चौकटीवर) काढलेले असू शकतात आणि फोन डब्ल्यूजीएस-८४ या जीपीएसच्या मापनाधारावर चालतो. दोन्हींत काही शे मीटरचा फरक पडतो. रूपांतर न करता नकाशे एकावर एक ठेवले तर शेजारच्या गावाची तोड आपल्या हद्दीत दिसते आणि विनाकारण भांडण पेटतं. झाडांखाली फोनची जागा दहा-पंधरा मीटर सरकते, त्याचं मात्र फार मनावर घ्यायचं नाही. नऊ गुंठ्यांची उघडी जागा डोळ्यांना दिसतेच.

पुढं काय करायचं ते गावसभा ठरवते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. ओळखीचा माणूस असेल तर समज देऊन भागतं. पण कोकाची (कोकेन ज्यापासून बनतं त्या झुडपाची) लागवड करणारे हत्यारबंद लोक असतील तर समोर जायचंच नाही. फोटो आणि अक्षांश-रेखांश थेट पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या सरकारी वकिलांकडे द्यायचे.

या ३६ गावांत जंगलतोड प्रयोगातल्या बाकीच्या गावांच्या मानानं पहिल्या वर्षी ५२ टक्क्यांनी कमी झाली, दुसऱ्या वर्षी २१ टक्क्यांनी. फरक सगळीकडे सारखा नव्हता. जिथं धोका जास्त, तिथं फायदा जास्त. त्यामुळे मंडळातर्फे अशा कामाला देणगी द्यायची ठरली, तर उपग्रहाची चित्रं कुठून येतात हे विचारू नका, ती फुकट असतात. गाव कसं निवडलं, आणि होडीचं पेट्रोल व तिघांचं मानधन तिसऱ्या वर्षी कोण देणार, एवढं विचारा.