नकाशातल्या बाणांवर माझा राग आहे

शाळेच्या नकाशातले समुद्रप्रवाह आठवा. तांबडे बाण उष्ण प्रवाहांचे, निळे थंड प्रवाहांचे. इतके शिस्तीचे, की पाण्याला कुणी वाहतुकीचे नियम घालून दिलेत असं वाटावं. (हशा) माझं भांडण या बाणांशी आहे. बाण म्हणजे कित्येक वर्षांची सरासरी. पाण्याचा खरा धिंगाणा तिच्यात धुऊन निघतो.

आजच्या भाषणाचा विषय विषुववृत्तावरच्या समुद्री भोवऱ्यांचा आहे, ठाऊक आहे मला. पण टाउनसेंड क्रॉमवेल या समुद्रशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितल्याशिवाय मी तिकडे वळत नाही. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांचीही सुटका नाही!

मध्य प्रशांत महासागर, 1952 च्या सुमाराची गोष्ट. ट्यूनासाठी विषुववृत्तावर गळांच्या लांबलचक दोऱ्या खोल सोडलेल्या. वारा पूर्वेचा, वरचं पाणी पश्चिमेला चाललेलं, बाण खूश. आणि दोऱ्या निघाल्या पूर्वेला! दुसरा कुणी असता तर दोरीला दोष देऊन मोकळा झाला असता. क्रॉमवेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या खोलीवर तरंगती साधनं सोडून पाहिलं, तर साधारण 100 मीटर खाली सेकंदाला मीटरभर वेगाने उलटा प्रवाह धावतोय. गंमत म्हणजे अटलांटिकमध्ये बुकॅनन नावाच्या गृहस्थाने 1886 मध्येच हे पाहिलं होतं. पण ते नंतर कुणाच्या गावीही नव्हतं. क्रॉमवेल 1958 मध्ये विमान अपघातात गेला. प्रवाहाला त्याचं नाव मिळालं.

उलटा का? पूर्वेचा वारा पाणी ढकलून पश्चिमेला साठवतो. तिकडची पातळी सुमारे अर्धा मीटर चढते. इतरत्र पृथ्वीच्या फिरण्याने पाणी वळतं. विषुववृत्तावर तो परिणाम शून्य. मग वाऱ्याचा हात पोचत नाही तिथे पाणी सरळ उतारावरून परत निघतं. म्हणजे उलट्या प्रवाहाचा धनीही वाराच.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, भोवरे! पळत सांगतो.

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वरचं पाणी एकमेकांपासून दूर सरतं, मधे थंड पाणी वर येतं. शेजारी-शेजारी पश्चिमेला आणि पूर्वेला धावणारे प्रवाह एकमेकांना घासतात, त्यांची सीमा नागमोडी होते आणि भोवरे सुटतात. नागमोडी सीमेच्या या लाटा एक-दोन हजार किलोमीटर लांबीच्या, महिनाभराच्या आवर्तनाच्या. 1970 च्या दशकात उपग्रहचित्रांत दिसल्या. व्यापारी वारे, म्हणजे तेच पूर्वेचे वारे, जोरात असले की त्या फोफावतात. एल निनोत वारे मंदावले की विरतात. शिवाय थंड पाण्यावरून जाताना वारा मंदावतो, उबदार पाण्यावर जोर धरतो. म्हणजे भोवरेही वाऱ्याला घडवतात! हे भोवरे विषुववृत्ताकडे उष्णताही ओढून आणतात.

हिंदी महासागर तर वेगळंच प्रकरण. तिथे असे वर्षभराचे पूर्वेचे वारे नाहीत. दोन मान्सूनांच्या मधल्या काळात पश्चिमेचे वारे सुटतात आणि पाण्याचा झोत पूर्वेला धावतो. विर्टकी या समुद्रशास्त्रज्ञाने तो 1973 मध्ये मांडला. नैर्ऋत्य मान्सूनमध्ये सोमालियाजवळ शेकडो किलोमीटरचा महाभोवरा पडतो, पुढे मान्सून उलटला की तिथला किनारी प्रवाहच दिशा बदलतो. नकाशावर त्याचा बाण कुठल्या महिन्याचा काढलाय, हे तेवढं छापणाऱ्याला विचारा. बाकीचं प्रश्नोत्तरांत.