६५१४ खिडक्या आणि एक बंद एसटीपी

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय रिअल इस्टेट कंपन्यांचं नेतृत्व आणि सस्टेनेबिलिटीची स्ट्रॅटेजी. पण मी सुरुवात एका बंद पडलेल्या एसटीपीपासून, म्हणजे बिल्डिंगच्या बेसमेंटमधल्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटपासून करणारे, कारण बावीस वर्षं साइटवर काढली आणि हा विषय मला त्या बेसमेंटमध्येच कळला.

पुण्याच्या पश्चिमेला एक स्कीम होती, बिल्डरचं नाव घेत नाही, मी तिथे प्रोजेक्ट मॅनेजर होतो. तीनशेच्या वर फ्लॅट, ब्रोशरवर हिरवं पान, ग्रीन रेटिंगचं, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतीच्या दर्जाचं प्रीसर्टिफिकेट, आणि खाली हा एसटीपी, म्हणजे फ्लशला आणि बागेला तेच पाणी परत वापरायचं. पझेशन दिलं, सोसायटी झाली, आणि वर्षाच्या आत प्लांट बंद. कारण आम्ही डिझाइन करताना सगळे फ्लॅट भरलेत असं धरलेलं, आणि पहिल्या वर्षी निम्मे फ्लॅट रिकामे, त्यामुळे मैलापाणी पुरेसं येईना, पाणी पुरेसं नाही म्हणून टाकीतले बॅक्टेरिया टिकेनात, मग वास सुटला, टाकीत हवा सोडणारा ब्लोअर मात्र दिवसरात्र चालू आणि त्याचं लाइट बिल मेंटेनन्समध्ये, लोकांनी एजीएमला आरडाओरडा केला आणि कमिटीने स्विच बंद केला. त्यानंतर फ्लशला टँकरचं पाणी. मला अजूनही वाईट वाटतं, कारण ब्लोअर निवडताना मी त्या मीटिंगला होतो, परचेस म्हणजे खरेदी विभागाने सगळ्यात स्वस्त कोटेशन पुढे सरकवलं आणि तो ब्लोअर विजेचे युनिट किती खातो हे कोणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

आपल्या धंद्याचं दुखणं हेच आहे बघा. मशीन विकत घेणारा एक आणि त्याचं बिल भरणारा दुसरा. बिल्डर ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, घेऊन पुढच्या प्लॉटवर जातो आणि पुढची तीस-चाळीस वर्षं बिल रहिवाशी भरतात. ऑफिस बिल्डिंगमध्ये तेच, मालक एसी घेतो, बिल भाडेकरू देतो. त्यामुळे चांगलं मशीन घेण्यात कोणाचाच फायदा दिसत नाही. वरच्या माणसाने हा हिशोब एका टेबलावर आणला नाही तर खालचा कोणीही, कितीही तळमळीचा असला तरी, काही करू शकत नाही. मी नेतृत्व म्हणतो ते याला.

आता हे ज्यांनी केलं त्यांचं सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग, १०२ मजले, १९३१ मध्ये उघडलेली. तिचं मोठं नूतनीकरण चालू होतं आणि मालक कंपनीचे प्रमुख अँथनी माल्किन यांनी २००९ मध्ये जाहीर केलं की त्यातच विजेचा आणि उष्णतेचा खर्च ३८ टक्क्यांनी खाली आणायचा. आता कोणताही कन्सल्टंट काय म्हणेल? खिडक्या काढा, नवीन बसवा, चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारी मशीन, मोठे घ्या. यांनी काय केलं तर बिल्डिंगच्याच पाचव्या मजल्यावर वर्कशॉप टाकलं, सगळ्या ६५१४ खिडक्यांच्या काचा तिथे आणल्या, दोन काचांच्या मध्ये फिल्म आणि गॅस भरला आणि परत बसवल्या. जुनी काच आणि फ्रेम मिळून ९६ टक्के माल पुन्हा वापरला. रेडिएटरच्या मागे इन्सुलेशन घातलं म्हणजे उष्णता भिंतीतून बाहेर जाणार नाही. आणि हे सगळं केल्यावर एसीचा लोडच इतका उतरला की चिलर बदलून मोठे घ्यायची गरज उरली नाही, आहेत तेच आतून नवे केले. आपल्याकडे गावात आजी सांगायची ना, आधी रांजणाची गळती बुजव मग पाणी भर. अगदी तसंच.

पैशाचं बोलूया, कारण तुमच्यातले निम्मे फायनान्सचे आहेत. ठरलेल्या नूतनीकरणाच्या खर्चावर एनर्जीसाठी जादा १ कोटी ३२ लाख डॉलर, आणि अंदाजे बचत वर्षाला ४४ लाख डॉलर. तीन वर्षांत वसूल. पण मला यापेक्षा करारातली एक गोष्ट जास्त आवडते. काम करणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्सने बचतीची गॅरंटी दिली होती, बचत कमी पडली तर फरक त्यांनी भरायचा. आणि भाडेकरूंना सबमीटर, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा मीटर, दिले, आपण किती वीज वापरतो हे त्यांना दिसायला लागलं. म्हणजे विकत घेणारा, बसवणारा आणि बिल भरणारा तिघंही एकाच आकड्याकडे बघायला लागले.

पुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहराने कायदाच केला, २५ हजार स्क्वेअर फुटाच्या वरच्या बहुतेक बिल्डिंगना २०२४ पासून कार्बनची मर्यादा, आणि ओलांडली तर टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड. ज्यांनी आधी काम करून ठेवलं ते निवांत.

आपल्याकडेही नियम येतायत. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, आपल्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत ग्रीन रेटिंगला दर्जाप्रमाणे ३, ५ आणि ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जादा बांधकाम, आहे. चांगलंच आहे, मी विरोधात नाही. पण जादा एफएसआय बिल्डरला मिळतो आणि बिल तरी रहिवाशीच भरतो, हे सूत्र तसंच राहतं.

मी आता ज्या कंपनीत आहे तिथे एमडींकडे एकच मागणी केली होती, पझेशननंतर दोन वर्षं प्लांट कंपनीने स्वतःच्या खर्चाने चालवायचा आणि परचेसचा बोनस त्या दोन वर्षांच्या लाइट बिलाला जोडायचा. त्यांनी दोन महिने घेतले, मग हो म्हणाले. त्यानंतरच्या आठवड्यात परचेसचा हेड माझ्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, साहेब, हा ब्लोअर युनिट किती खातो, आणि निम्मेच फ्लॅट भरले तर काय करायचं? आम्ही दोघं ड्रॉइंग घेऊन बसलो, एका टाकीच्या दोन छोट्या टाक्या केल्या, आणि पझेशनच्या दिवशी त्यातली एकच चालू केली.