सदरलँड : घाटमाथ्यावरचं थंड गाव

नमस्कार श्रोतेहो, आज जरा लांब जाऊया, साउथ आफ्रिकेत, सदरलँड नावाच्या एका छोट्याशा गावात. नकाशावर बघाल तर हे नॉर्दर्न केप प्रांतात येतं, म्हणजे राजधानी किंबर्ली, पण ती राहिली कुठच्या कुठं, मोठ्या शहराचं काम निघालं की गाडी काढायची ती केपटाउनकडेच.

जायचं कसं? केपटाउनहून एन-वन हायवे धरायचा, मायकिसफोन्टेनपाशी उत्तरेला वळायचं आणि मग साधारण 110 किलोमीटर सरळ रस्ता, मध्ये गाव म्हणावं असं एकही नाही, तेव्हा टाकी आधीच फुल करून घ्या हं! दोन्ही बाजूंना कारू नावाच्या कोरड्या प्रदेशाचा उजाड माळ, गुडघ्याएवढी झुडपं, तारेची कुंपणं, मधूनच एखादी पाणी उपसणारी पवनचक्की आणि मेंढ्या. शेवटी फरलाटेनक्लूफचा घाट लागतो, तो चढलात की तुम्ही रोगेफेल्डच्या पठारावर. पश्चिमेला कडा, कड्याखाली रखरखीत टांक्वा कारू, म्हणजे आपला घाटमाथा डोळ्यासमोर आणा फक्त त्यातली हिरवाई आणि धो धो पाऊस वजा करा.

गावाची उंची जवळजवळ 1,450 मीटर, महाबळेश्वरपेक्षाही थोडी जास्तच. त्यामुळे तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, थंडी अशी की रात्री पारा शून्याखाली आणि अधूनमधून बर्फसुद्धा पडतो. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून नुसता टीशर्ट घालून गेलात तर काही खरं नाही.

1858 मध्ये चर्चभोवती वसलेलं हे गाव, मेंढपाळीवर चाललेलं. पण उंची, कोरडी हवा आणि आजूबाजूला मैलोन्‌मैल दिवाच नाही, हे सगळं खगोलवाल्यांना हवंच होतं की! 1970च्या दशकात गावाच्या पूर्वेला डोंगरावर वेधशाळा आली, आणि 2005 मध्ये सॉल्ट ही प्रचंड दुर्बीण सुरू झाली, 91 षटकोनी आरसे जोडून केलेला तिचा एक मोठा आरसा आहे, आणि बरं का, पुण्याची आयुका ही खगोलसंस्था तिच्यात भागीदार आहे. म्हणजे हा डोंगर, आपल्या कळसूबाईहून उंच, थोडासा पुण्याचाही झाला की नाही!

आकाश काळंच राहावं म्हणून तिथे 2007चा खास कायदासुद्धा आहे. दुर्बिणी बघायच्या तर दिवसा जा, रात्री मोठ्या दुर्बिणींजवळ पर्यटकांना सोडत नाहीत, तारे दाखवायला खाली छोट्या दुर्बिणी ठेवल्यात.